वच्छलाबाईंची परदेशी नाव

धरणाच्या फुगवट्यापलीकडं शाळा होती आणि अलीकडं पोरं होती. मधलं पाणी पोरं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हातानं वल्हवत ओलांडायची. हे जिवावर बेतू शकतं, असा गावानं एकमतानं ठराव केला आणि बचतगटाच्या अध्यक्ष वच्छलाबाई नावेसाठी कर्ज मागायला शहरात गेल्या.

बँकेतल्या साहेबांच्या संगणकात म्हशीला कर्ज होतं, ट्रॅक्टरला होतं, लग्नालासुद्धा होतं. नावेला नव्हतं. यादीत बरंच खाली गेल्यावर त्यांना ‘जहाज’ सापडलं.

“जहाजच धरतो,” साहेब म्हणाले. “फक्त सागरी वकिलाकडून कागद करून आणा.”

“साहेब, आमच्याकडं समुद्र नाय.”

“तो बँकेचा विषय नाही.”

शहरातल्या उस्मानपुऱ्यात, चहाच्या हॉटेलच्या वर, अ‍ॅड. मोनिका मॅडम जहाजांची कर्जं आणि सागरी व्यवहार यांवर कायदेशीर सल्ला देत असत. म्हणजे द्यायला तयार असत. घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं. वच्छलाबाईंना बघून त्यांनी आधी पंखा लावला, मग काळा कोट चढवला.

“या मावशी! किती टनांचं जहाज?”

“पंधरा पोरं आन् त्यांची दप्तरं.”

कर्जाचा करार झाला. चाचेगिरी, वादळ आणि हिमनगाची धडक, सगळ्याची जबाबदारी वच्छलाबाईंवर आली. “हिमनग आलाच तर गोळेवाल्याला इकू,” म्हणत त्यांनी सही ठोकली. पण पुढं रकाना होता, ‘जहाजाचं मूळ बंदर’. जिल्ह्यात बंदर नव्हतं आणि रकाना रिकामा सोडणं नियमात बसत नव्हतं.

“परदेशात नोंदवू,” मॅडम म्हणाल्या. “सगळं जग तेच करतं. एक देश आहे, त्यालाही समुद्र नाही. पण जहाजं मात्र ढीगभर.”

“समुद्र नाय तर ठिवतेत कुठं?”

“कागदावर.”

हे वच्छलाबाईंना लगेच पटलं. गावच्या दोन विहिरी आणि एक व्यायामशाळा तिथंच होती.

चितेगावात वेल्डर कय्युमभाईंनी आपल्या शेडमध्ये पत्रा ठोकून नाव बनवली, ट्रॉलीवर घालून पाण्याकाठी आणली. परदेशातून कुरिअरनं झेंडा आला आणि त्याच पाकिटातून मोनिका मॅडमची त्या देशाच्या वाणिज्यदूतपदी नेमणूकही आली. वच्छलाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन नावेत चढायला निघाल्या, तर मॅडम आडव्या.

“मावशी, व्हिसा?”

“कशापायी?”

“झेंडा त्यांचा आहे. फळीवर पाय ठेवला की परदेश.”

आत शेवटचा नट आवळणारे कय्युमभाई दचकले. “म्हणजे मी सकाळपासून फॉरेनात?”

“तेही विनापरवाना. उतरा.”

“उतरतो की! अम्मी कू बोलतूं, तुम्हारा बेटा फॉरेन हो को आया!”

वच्छलाबाईंना हसू आलं नाही. सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि पाणी चढलं होतं. “पोरांचे व्हिसे काढा मग.”

“कशासाठी जाणार?”

“शाळंत.”

“मग विद्यार्थी व्हिसा. आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल.”

“इंग्रजी शाळंत शिकवतेत. शाळा पल्याड हाय.”

“मग शिकून येऊ द्या.”

“जायचं कशात?”

मॅडमनी पुस्तक उघडलं. “थर्माकोलवर चालेल. कायद्याच्या दृष्टीनं ते जहाज नाही, नाव नाही, काहीच नाही. म्हणून पूर्ण कायदेशीर.”

वच्छलाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि नावेचा दोर सोडायला घेतला.

“मावशी, ही चाचेगिरी झाली,” मॅडम हळहळून म्हणाल्या. “आणि तिची जबाबदारी तुमच्यावरच आहे.”

दोर तसाच राहिला. नाव, म्हणजे कर्जाचं तारण, जागची हलणार नाही आणि तिला ओरखडासुद्धा पडणार नाही म्हणून बँकेच्या साहेबांनी समाधान व्यक्त केलं.

पर्यटनाचा व्हिसा मात्र जागेवर मिळतो. कारण विचारलं की ‘फोटो’ लिहायचं, बास. त्यावर पलीकडं जाता येत नाही, नुसतं उभं राहता येतं. शहरातल्या गारखेड्यातून घरंच्या घरं गाड्या भरून येतात, झेंड्याखाली उभी राहतात आणि स्टेटसला टाकतात, ‘आमची पहिली फॉरेन ट्रिप’.

गेल्या शनिवारी सकाळी तुम्हीही आला होतात. सगळ्यांचा एकत्र फोटो हवा म्हणून काठावर उभ्या असलेल्या बाईंच्या हातात तुम्ही फोन दिलात. त्या वच्छलाबाई. त्यांनी नीट बघून, हात स्थिर धरून फोटो काढला.

“लई झ्याक आलाय,” त्या म्हणाल्या. “मागं पाण्यात आमची पोरं बी आलीत, बघा.”

तुम्ही बघितलंत. “थँक्यू, मावशी,” म्हणालात आणि एका बोटानं फोटोतली पोरं पुसून टाकलीत.