तीन मजली थायलंड

"व्हिसा नको, विमान नको, परतल्यावर धुण्याचा ढीग नको! उद्या तुला अख्खं थायलंड दाखवतो, घरातल्या घरात!" धम्मपालने छाती फुगवून जाहीर केलं.

प्रणिता नुसतं "बरं" म्हणाली. तिथेच तर घोडं पेंड खात होतं! लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची ही ट्रिप कोरोनाने एकदा नाही, दोनदा खाल्ली होती, आणि तेव्हापासून बाई हसायचंच विसरली होती. ती एकदा खळखळून हसली, की धम्मपालने सगळं मिळवलं!

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातलं त्यांचं घर तीन मजली. त्यात देश कसा चपखल बसला! माळ्यावर उत्तरेचं चियांग माई, कागदी आकाशकंदिलांसकट. मधल्या मजल्यावर, बाथरूममध्ये, बँकॉककडचा तरंगता बाजार: टबभर पाणी, त्यावर आंब्याच्या फोडी घातलेल्या स्टीलच्या वाट्या, आणि मोबाइलवर नदीच्या खळखळाटाचं रेकॉर्डिंग. खाली दिवाणखान्यात दक्षिणेचं फुकेत: चक्क वाळूची दोन पोती ओतलेली! तिथेच सोफ्यावर टॅबलेट, आणि टॅबलेटमध्ये नागपूरहून सासूबाई, ललिताबाई, खास पाहुण्या म्हणून हजर.

सकाळी टबाचा नळ सोडून गाइडसाहेब बायकोला घेऊन आधी उत्तरेला निघाले.

"इथे डोंगरावर दोई सुथेपचं विहार आहे बरं का! तीनशेवर पायऱ्या!"

"आपल्या जिन्याला तेवढ्याच असाव्यात," प्रणिता धापा टाकत म्हणाली. "अरे, पाण्याचा आवाज फार येतोय."

"येणारच! नदी लावलीय नदी!"

तेवढ्यात खालून ललिताबाईंची हाक आली. "अहो जावईबापू! इकडे पाऊस पडतोय!"

"फुकेतला पडतोच, आई! मजा घ्या!"

"अहो, छतातून पडतोय!"

"हॉटेल साधंच घेतलंय!" सासूबाईही खेळात रंगल्या म्हणून धम्मपाल हरखून गेला. नदीचा आवाज जरा कमी करावा म्हणून तो मोबाइल आणायला वळला, आणि हात सहज खिशाला लागला. मोबाइल खिशातच! नदी लावायची राहूनच गेली होती!

"नळ!!"

धावत खाली येतो तर तरंगता बाजार जिन्यापर्यंत पोचलेला! वाट्या टणटणत एकेक पायरी उतरत होत्या. फुकेतमध्ये नुसता चिखल. पडदे, उशा, गालिचा, सगळं ओलंचिंब. टॅबलेट वाळूत पालथा पडलेला, आणि आतून ललिताबाई विचारत होत्या, "एवढ्यात रात्र कशी गं झाली तिकडे?"

धम्मपालने भीत भीत बायकोकडे पाहिलं. हसणं सोडा, ओठसुद्धा हलला नाही.

"परतल्यावर धुणं नव्हतं ना?" एवढंच म्हणून ती बादली आणायला गेली. धम्मपालचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या अंगणात विसावी उशी वाळत घालत होता. कुंपणापलीकडून शेजारच्या यानेकेबाईंनी डोकं वर काढलं.

"केवढं हे धुणं! सुट्टीवर गेला होतात की काय?"

"हो! थायलंडला!" धम्मपाल वैतागून म्हणाला.

बाई टुणकन दीड मीटर मागे उडाल्या! "मग दोघांनी दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही! क्वारंटाइन!"

स्वयंपाकघराच्या खिडकीत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. प्रणिता हसत होती! ओट्याला धरून, डोळे पुसत, पोट आवळून हसत होती!

खुलासा करायला धम्मपालने तोंड उघडलं. मग खिडकीकडे पाहिलं, आणि मिटलं.

"बरोबर आहे तुमचं," तो यानेकेबाईंना म्हणाला. "दहा दिवस."

नाहीतरी लॉकडाऊनमध्ये जाणार कुठे होता म्हणा!