मंडळाची लारावेल

"किल्ड? कोण मेलं गं?"

खंडेराव डेमसे चष्मा कपाळावर सारून सुनेच्या लॅपटॉपवर वाकले होते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रीघ लागली होती आणि तिच्यातला शेवटचा हा एकच शब्द त्यांना वाचता आला होता.

"कोणी नाही मेलं, नाना," तेजल म्हणाली. "इन्स्टॉल होता होता मध्येच बंद पडलं. त्या मशीनची मेमरी पुरत नाहीये."

"आपल्या मशीनची? चांगलं वजनदार आहे की ते!"

ते वजनदार मशीन म्हणजे मंडळाचा जुना कॉम्प्युटर. खंडेराव हे पाथर्डी आणि आसपासच्या गावांतल्या फुलं-भाजी पिकवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. गेल्या दसऱ्याला मंडळातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी झेंडू तोडला, एकाच दिवशी पंचवटीच्या बाजारात नेला आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ओतून रिकाम्या गाड्या घेऊन घरी आले. तेव्हापासून मंडळात कुरबुर होती. निम्मे लोक मंडळ सोडून एका व्यापाऱ्याच्या दारात जाऊन बसायच्या बेतात होते. कोण कधी तोडणार हे सगळ्यांना आधीच दिसलं तर असं होणार नाही, तशी वेबसाइट करता येईल, असं तेजल एकदा जेवताना सहज बोलून गेली. खंडेरावांनी ते पुढच्याच सभेत जाहीर करून टाकलं.

सासऱ्यांनी आपल्या वतीनं शब्द दिलाय, हे तेजलला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडल्यावर कळलं. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. हातात वेळ होता असं मुळीच नाही. पण ती चिडली नाही. "सर्व्हर लागेल, नाना. भाड्यानं मिळतो," एवढंच म्हणाली.

"भाड्यानं कशाला? आपला स्वतःचा पाहिजे," म्हणत खंडेरावांनी मंडळाच्या पंचवटीतल्या ऑफिसात वर्षानुवर्षं क्रेटखाली दबलेला कॉम्प्युटर तिच्या हवाली केला. तिनं त्यातली धूळ आणि वाळक्या पाकळ्या काढल्या, त्यावर लिनक्स चढवलं, नेटची वायर जोडली आणि स्क्रीन, कीबोर्ड काढून घरी आणले. आता ती पाथर्डीत बसून पंचवटीतल्या मशीनला हुकूम सोडायची आणि ते ऐकायचं. खंडेरावांना याहून मोठा चमत्कार ठाऊक नव्हता. त्यांचा मुलगा रवी तर समोर बसवूनही ऐकत नसे.

"पण तू नक्की काय लावतेयस त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"लारावेल. वेबसाइट अगदी पहिल्यापासून लिहीत बसायला नको म्हणून तयार सांगाडा मिळतो, त्याचं नाव." तेजलनं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "असं समजा नाना, सर्व्हर म्हणजे मांडव. लारावेल त्याच्यावर चढवायची. मग तिला आपल्याला हवं ते लागतं."

हे मात्र खंडेरावांना फार आवडलं. इतकं मोठं शास्त्र आणि पोरीनं मांडवाएवढं करून हातात दिलं!

तेजलनं त्या मशीनच्या डिस्कवरची थोडी जागा मेमरीच्या कामाला लावली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी लारावेल मशीनवर चढली, पण साइट उघडून पाहिली तर पांढऱ्या पानावर चूक झाल्याची नोंद. खंडेरावांनी चष्मा खाली घेतला.

"परमिशन डिनाइड. परवानगी नाकारली? कोणी? अध्यक्ष मी आहे!"

"तुमची नाही हो. लारावेलला तिच्याच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाहीये."

"मग देऊन टाक ना सगळी. कटकट नको."

"सगळी द्यायची नसते, नाना. कोणीही येऊन काहीही करेल मग. जिला जेवढी लागते तेवढीच द्यायची."

आजवरच्या अध्यक्षपदात त्यांनी जो मागेल त्याला जे मागेल ते देऊन टाकलं होतं आणि त्याचे परिणाम अजून निस्तरत होते. एवढीशी पोर, पण मंडळ कसं चालवावं ते हिला कळतं, असं त्यांच्या मनात आलं. ते बोलून दाखवायची मात्र त्यांना सवय नव्हती. सुनेचं कौतुक सुनेसमोर करायचं नाही, बाहेर करायचं, अशी त्यांची रीत होती.

आणि बाहेर त्यांनी ते भरपूर केलं.

पंचवटीच्या भाजीबाजारात लहानू भेटला. लहानू मंडळाचा जुना सभासद. ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"काय नाना, सूनबाई काय म्हणते?"

"लारावेल लावतेय," खंडेराव छाती पुढे काढून म्हणाले.

"कसली वेल?"

"लारावेल! परदेशातली आहे. जगभर लावतात. आपल्याकडे पहिलीच."

"आन् लावली कुठं?"

"आपल्या ऑफिसात. मांडव तयारच होता. मध्ये एकदा मेल्यासारखी झाली होती, पण सूनबाईनं जगवली."

लहानूचे डोळे विस्फारले. "लय भारी! आम्हाला पण मिळंल का?"

"मिळणार तर! मंडळातल्या सगळ्यांना मिळणार. शुक्रवारच्या सभेला या, समोरासमोर दाखवू."

खंडेराव वेबसाइटबद्दल बोलत होते. लहानू रोपांबद्दल ऐकत होता. दोघंही समाधानानं घरी गेले. घरी पोचायच्या आत लहानूनं ग्रुपवर आवाजातला निरोप टाकला: शुक्रवारी ऑफिसात परदेशी वेलीची रोपं वाटणार आहेत, नानांच्या सुनेनं स्वतः जगवलीत, उशीर करील तो राहील. खंडेरावांनी तो निरोप ऐकला नाही. त्यांना ग्रुपवर फक्त अंगठे दिसले आणि लोकांना वेबसाइटची एवढी ओढ लागलेली पाहून त्यांना भरून आलं.

शुक्रवारी सकाळी साइट झकास चालत होती. फक्त एक काम राहिलं होतं.

"आता फायरवॉल चालू करते," तेजल म्हणाली. "म्हणजे दारावर रखवालदार. ओळखीचा असेल त्यालाच आत सोडेल."

तिनं शेवटचा हुकूम सोडला. रखवालदार बसला. तिनं दुसरा हुकूम टाइप केला, आणि पडद्यावर काहीच हललं नाही. तिनं वाट पाहिली. मग दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"काय झालं?"

"रखवालदाराला माझीच ओळख सांगायची राहिली. त्यानं मला बाहेर काढलं."

"तुला? तूच बसवलंस ना त्याला?"

"म्हणून तर काम चोख करतोय," तेजल म्हणाली आणि हसू आवरेना तशी हसत सुटली. खंडेराव पाहतच राहिले. त्यांच्या हातून पाण्याची मोटर जळाली होती तेव्हा ते दोन दिवस घरात कोणाशी बोलले नव्हते. "इथून काही होणार नाही, नाना. ऑफिसात जाऊन मशीनला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडावा लागेल. साइटही बाहेर कोणाला दिसत नाहीये. चला लवकर."

खंडेरावांनी मोटरसायकल काढली. मागे तेजल, तिच्या मांडीवर स्क्रीन, गळ्यात कीबोर्डची वायर. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली.

"काका, टीव्ही दुरुस्तीला का?"

"सर्व्हर उघडायला चाललोय," खंडेराव म्हणाले. "सून इंजिनिअर आहे माझी!"

"नाना, सिग्नल सुटला," मागून आवाज आला.

ऑफिसच्या अंगणात पाहिलं तर जत्रा भरलेली. कधी सभेला न फिरकणारे लोकही हजर होते. कोणाच्या हातात ओली गोणपाटं, कोणाकडे शेणखताची पोती. दारासमोर एक पिकअप आडवी लावलेली आणि तिच्यात बांबूच बांबू. पिकअपवर घोटीचा निवृत्ती उभा होता. तो मंडळाचा सभासदही नव्हता, भातवाला माणूस. पण वेलीची बातमी तिकडवर गेली होती.

"नाना, मांडवासाठी बांबू आणलेत," तो वरूनच ओरडला. "रोपं किती देताय ते बोला!"

"कसली रोपं?"

"लारावेलीची!"

बाजारातलं आपलं एकेक वाक्य त्यांना आठवलं आणि प्रत्येक वाक्य आता निराळंच ऐकू येऊ लागलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तेजलनं बांबूंकडे पाहिलं, खताकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं असावं.

"मांडवाचं मीच सांगितलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही यांना थोडा वेळ धरून ठेवा. मी रखवालदाराशी बोलून येते."

ती आत गेली. खंडेराव पायरीवर उभे राहिले आणि अध्यक्षीय भाषण करू लागले. मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. लोक ऐकत नव्हते. उघड्या दारातून त्यांना तेजल दिसत होती: उलट्या क्रेटवर स्क्रीन, मांडीवर कीबोर्ड, बाहेर एवढा गलका आणि तिचं लक्ष एका अक्षरावरूनही हलत नव्हतं. कलम बांधताना माणूस श्वास धरून बसतो तशी बसली होती. खंडेराव बोलता बोलता मध्येच थांबले आणि तिच्याकडेच बघत राहिले.

"नाना, रोपं!" निवृत्तीनं आठवण करून दिली.

"रोपं नाहीत," रखवालदाराची समजूत घालून दारात आलेली तेजल म्हणाली. "लारावेल ही वेल नाही. कॉम्प्युटरमधली गोष्ट आहे."

सगळे एकदम बोलायला लागले. कोणी लहानूला शोधू लागलं, लहानू पिकअपच्या आड सरकला. निवृत्ती म्हणाला, "म्हंजे म्या घोटीवरनं बांबू आणले ते काय कॉम्प्युटरला लावू?" कोणी तरी त्या व्यापाऱ्याचं नाव काढलं. आता मंडळ फुटतं, असं खंडेरावांना वाटलं.

तेवढ्यात सुलाबाई पुढे आली. झेंडू आणि शेवंती पिकवणारी म्हातारी. मंडळात तिच्यापुढे आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती.

"वेल नाय तर नाय," ती म्हणाली. "पर हिला लागतं काय, ते तर सांग, पोरी."

"आज्जी, कोण कोणत्या दिवशी झेंडू तोडणार, ते सगळ्यांना फोनवर दिसतं. एका दिवसाला बाजारात खपेल तेवढाच माल. तेवढा झाला की तो दिवस बंद."

सुलाबाईनं पदर खोचला. "म्हंजे गेल्या सालावानी रस्त्यात ओतायचा नाय."

"नाही ओतायचा."

"मंग माझं नाव आधी घाल. दसऱ्याच्या आदला दिवस."

हे ऐकताच बाकीच्यांचे कान टवकारले. आदला दिवस म्हणजे सगळ्यात चांगला दिवस! फोन बाहेर निघाले. आता नवीनच अडचण आली: एवढ्या माणसांत कोणाच्याच फोनला धड नेट मिळेना आणि ऑफिसचं वायफाय भिंतीबाहेर येईना. तेजलनं इकडेतिकडे पाहिलं.

"निवृत्तीभाऊ, एक बांबू द्या."

तिनं वायफायचा डबा बांबूच्या टोकाला सुतळीनं बांधून खिडकीतून अंगणात काढला. निवृत्तीनं तो झेंड्यासारखा धरून ठेवला आणि आपला बांबू कॉम्प्युटरला लागलाच, म्हणून त्याचा राग निवला. लोक बांबूभोवती गोळा झाले, ढकलाढकली सुरू झाली. खंडेरावांना आता उत्साहाचं भरतं आलं.

"रांगेनं! रांगेनं!" ते ओरडले. "आधी बायामाणसं! मग बाकीचे! अध्यक्ष सगळ्यात शेवटी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना जमत नव्हतं त्यांचं तेजल स्वतः भरून देत होती. सुलाबाईचा दिवस ठरला, लहानूचा ठरला. व्यापाऱ्याचं नाव घेणाऱ्यानंही आपलं नाव घातलं. रांग सरली तसे खंडेराव रुबाबात पुढे आले आणि त्यांनी फोनवर दसऱ्याच्या आदल्या दिवसावर बोट ठेवलं.

'हा दिवस भरला आहे. कृपया दुसरा दिवस निवडा.'

त्यांनी त्याच्या आधीचा दिवस दाबला. भरला आहे. त्याच्या आधीचा. भरला आहे. खुद्द दसऱ्याची सकाळही भरलेली. उरला होता तो दसऱ्यानंतरचा दिवस. त्या दिवशी झेंडूकडे गायसुद्धा बघत नाही.

खंडेराव कोणाला दिसणार नाही असे आत गेले.

"तेजल, जरा बघ गं. आपलं नाव कुठं तरी बसतं का मध्ये. तुझ्याच हातात आहे ना मशीन?"

"नाही बसत, नाना. भरलेल्या दिवसात मलाही कोणाला घुसवता येणार नाही, असंच केलंय मी." ती जरा ओशाळली. "दिवाळीची नोंदणी उघडेल तेव्हा रांगेत पहिले उभे राहा. तोवर निम्मी फुलं नवरात्रात दारोदार विकू, मी येते बरोबर."

खंडेरावांनी 'दसऱ्यानंतर' दाबलं. पडद्यावर धन्यवाद आला. त्यांना तो जरा लागला.

दुसऱ्या दिवशी बाजारात लहानू जरा बिचकतच जवळ आला.

"नाना, तुमचा झेंडू कधी?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आँ? सून घरातली असून?"

"घरातली आहे म्हणून तर!" खंडेरावांची छाती पुन्हा पुढे आली. "दुसऱ्या कोणाचं मशीन असतं, तर मी केव्हाच दिवस बदलून घेतला असता."