बदलापूरहून रोज एक जण

आमच्या कंपनीत मालकाचा मागे एकेरीत उल्लेख करणारे पुष्कळ होते, पण मेनफ्रेमला समोर अहो-जाहो करणारे एकटे गायकवाड. "ते आत्ता पगारपत्रक करताहेत, जरा बसा," असं ते मला सांगत. 'ते' म्हणजे काचेच्या दारापलीकडचा, दोन गोदरेज कपाटांएवढा कॉम्प्युटर. सबंध कारखान्याचा हिशोब तोच करायचा आणि त्याचं सगळं गायकवाड करायचे.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा रंगांचा कारखाना. मी कॉम्प्युटर खात्यात नवीन होते, गायकवाडांना तिथे वीस वर्षं झाली होती. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, "लॉगला विचारू." कॉम्प्युटर आपण केलेल्या प्रत्येक कामाची वेळेसकट नोंद ठेवतो, तो लॉग. एकदा मी सहज विचारलं, "काल घरी किती वाजता गेलात?" ते उठले, आत जाऊन आले आणि म्हणाले, "सहा चौदा."

दोन हजार सालानंतरचा तो काळ. वरून हुकूम आला की सुट्ट्यांची यादी, बसच्या वेळा आणि कॅन्टीनचा मेनू कंपनीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये दिसला पाहिजे. आमचे मॅनेजर लालवाणी उल्हासनगरचे. ते म्हणाले, "इसमें क्या है? कॅम्प टू में मेरा साला पीसी असेंबल करता है. दो दिन में सर्व्हर खडा कर देगा."

"हे देतील की," गायकवाड काचेकडे बघून म्हणाले.

"ये बुड्ढा वेबपेज देगा?"

गायकवाड उठले आणि काचेचं दार नीट लावून आले.

मग तीन आठवडे ते मॅन्युअल घेऊन बसले. मेनफ्रेमवर वेब सर्व्हर होता, पण त्याला कोणी कधी काम सांगितलं नव्हतं. "ही स्टॅटिक पानं आहेत, मॅडम," त्यांनी मला समजावलं. "मागितलं ते जसंच्या तसं द्यायचं. मधे स्वतःची अक्कल चालवायची नाही. फार कमी जणांना जमतं." कुठलं पान कुठल्या फोल्डरमधून द्यायचं, ते त्यांनी ओळीओळीने लिहिलं. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा पडद्यावर नुसता अक्षरांचा भुगा आला. लालवाणी खूश झाले. गायकवाड म्हणाले, "ह्यांची बोली वेगळी आहे. दुभाष्या बसवायला लागेल." दुभाष्या बसवल्यावर मजकूर आला, पण कंपनीचं बोधचिन्ह गेलं. दुभाष्याने चित्राचंही भाषांतर केलं होतं. चित्रांना हात लावायचा नाही, अशी आणखी एक ओळ पडली आणि एका सोमवारी रोमन अक्षरांत मेनू झळकला. वालाची उसळ, पोळी, भात. सुट्ट्यांमध्ये बुद्धपौर्णिमा बरोबर पडली आहे का, ते त्यांनी तीनदा तपासलं.

पहिल्या दिवशी ते पान चौदा वेळा उघडलं गेलं. त्यातले तेरा वेळा गायकवाडच होते. लॉगमध्येच होतं, त्यामुळे त्यांनी लपवलं नाही.

लालवाणींनी तीन महिन्यांची मुदत दिली. "कोई देखेगा नहीं, तो बंद. पेज भी, बुड्ढा भी."

लोक बघायचे, नाही असं नाही, पण लहर लागेल तेव्हा. नेमाने यायचं ते एकच कोणीतरी. कंपनीच्या बदलापूरच्या गोदामातून, रोज साडेबाराच्या सुमारास, फक्त मेनूचं पान. गायकवाड त्याची वाट बघू लागले. कॅन्टीनवाल्याने मेनू उशिरा कळवला तर त्याच्यावर ओरडू लागले. "अहो, बदलापूरहून येऊन कोणी परत जाईल!"

आणि एक दिवस बदलापूरहून कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोदामातला फोन उचलेना. पाचव्या दिवशी गायकवाडांनी वीस वर्षांत पहिल्यांदा हाफ डे टाकला. मला म्हणाले, "चला, मॅडम. बघून येऊ." आम्ही माल घ्यायला निघालेल्या कंपनीच्या टेम्पोतून गेलो.

गोदामाला कुलूप. टेम्पोवाला म्हणाला, "चावी भोईरकाकांकडं. घर हितंच मागं हाय." भोईर म्हणजे तिथले स्टोअरकीपर. ते खाटेवर पडले होते, डोळे हळदीसारखे. कावीळ.

"आपण रोज साडेबाराला मेनू बघता?" गायकवाडांनी उभ्याउभ्याच विचारलं.

भोईर दचकून उठून बसले. "बगायचा नसतो का? साहेब, चुकी झाली."

"नाही नाही. का बघता, एवढंच."

भोईर ओशाळले. "आधी धा मानसं होतो गोदामात. आता मी एकटाच. डबा उघडला का बगतो, तिकडं आज काय हाय. मंग जरा पंगतीत बसल्यासारका वाटतं."

गायकवाड खाटेच्या कडेला बसले. भोईरवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन?"

"मी," गायकवाड म्हणाले.

 निघताना वहिनींनी तांदळाच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिल्या.

भोईर कामावर परतले त्या दिवशी मेनूच्या खाली एक नवी ओळ होती : 'भोईर, पाणी उकळून प्या. तळलेलं नको.' चारशे माणसांनी ती वाचली. लालवाणी तरातरा आले. "गायकवाड, ये कंपनी का पेज है या फॅमिली डॉक्टर का?"

"साहेब, स्टॅटिक आहे. आता उद्याच बदलेल."

दुसऱ्या दिवशी ती खरंच बदलली : 'भोईर, उसाचा रस बाहेरचा नको.' मग मात्र सगळा कारखाना रोज पान उघडू लागला. भोईरांना आज काय मना आहे, हे कळल्याशिवाय कोणी जेवायला उठेना. मुदत संपली तेव्हा लालवाणींनी विषयच काढला नाही. त्यांनाही मी एकदा ते पान वाचताना पाहिलं.

एका दुपारी पगाराचा एक प्रोग्रॅम अडला म्हणून मी साडेबाराला काचेच्या खोलीत गेले. गायकवाड पुढ्यात बंद डबा ठेवून पडद्याकडे बघत बसले होते.

"जेवला नाहीत अजून?"

त्यांनी हातानेच मला थांबवलं. लॉगमध्ये बदलापूरची ओळ उमटली.

"बसले," ते म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.