खटका बसलाय ना?

खुर्ची ट्रेलरवर चढली होती, दोरांनी आवळून झाली होती, वर ताडपत्रीही पडली होती. आता फक्त तो ट्रेलर गाडीच्या मागे जोडायचा होता आणि नेमकं तेच काम जावईबापूंच्या गळ्यात पडलं होतं. जावईबापू पेशाने ग्रंथपाल. त्यांच्या लेखी जड वस्तू म्हणजे शब्दकोश.

बरं, खुर्ची साधीसुधी नव्हती. दातांच्या डॉक्टरची होती. जुनी, पण धडधाकट. बायकोने सहा महिने शोधून मिळवलेली. उद्या सकाळी नऊला तिचा स्वतःचा दवाखाना उघडायचा होता, पहिला पेशंटही ठरला होता. खुर्ची रस्त्यात आपटली, तर दवाखाना उघडण्याआधीच बंद आणि आपण जन्मभर बोलणी खाणार, हे जावईबापूंना लख्ख दिसत होतं.

सासऱ्यांची हयात ट्रकच्या दुरुस्तीत गेलेली. पण आज कंबर धरली होती, म्हणून ते स्टुलावर बसून नुसते हुकूम सोडत होते.

"मागे घ्या. आणखी. आणखी घ्या हो, चावत नाही तो! बास! अहो, बास म्हटलं ना!"

काम तसं सोपं होतं. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो. त्यावर ट्रेलरच्या दांड्याचं तोंड टोपीसारखं बसवायचं, खटका दाबायचा, खटक्याच्या भोकात पिन सारायची, खालून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या आणि दिव्यांची वायर जोडायची. जावईबापूंनी हे सगळं कागदावर लिहूनच आणलं होतं. एकही पायरी चुकली नाही. शेवटी त्यांनी दांडा वर ओढून पाहिला, तर त्याच्याबरोबर गाडीचं बूडही उचललं गेलं. म्हणजे पक्कं बसलं होतं.

इथे थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण या घराण्यात खात्री करायची म्हणजे नुसतं बघायचं नाही, उघडायचं आणि पुन्हा लावायचं. गॅस बंद आहे का, हे सासरे तो चालू करून बघत. एकदा जावईबापूंनी पाकीट चिकटवलं, तर आत पत्र आहे ना हे बायकोने ते फोडून बघितलं होतं.

सासरे कंबर धरून उठले, वाकले, पिन काढली, खटका उघडला, दाबला, पिन घातली. "बरंय," म्हणाले.

मग बायको आली. "बाबांना हल्ली जवळचं दिसत नाही," ती नवऱ्याच्या कानात कुजबुजली आणि तिनेही पिन काढून, खटका उघडून, सगळं पुन्हा लावलं.

जावईबापू टायर दाबून बघायला पलीकडे गेले, सासरे आणि बायको गाडीत जाऊन बसले, तेवढ्यात सासूबाई निरोप द्यायला बाहेर आल्या. "मला मेलीला यातलं काय कळतंय?" असं म्हणत त्यांनी पिन काढली, खटका उघडला आणि...

"अगं बाई, दूध!"

त्या घरात पळाल्या. पिन त्यांच्या हातातच राहिली.

"मी एकदा बघून घेऊ?" जावईबापूंनी भीत भीत विचारलं.

"सगळ्यांनी बघितलंय. आता काय अंत बघताय? काढा गाडी!" सासरे मागच्या सीटवरून ओरडले.

गाडी निघाली. जावईबापूंचा एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, एक सायकलवाला तर त्यांना मागे टाकून गेला. मग पहिला गतिरोधक आला. पुढची चाकं गेली, मागची गेली आणि मग मागून कर्कश आवाज झाला.

"सुटला!" बायको किंचाळली. "माझी खुर्ची!"

"ब्रेक हळू! हळू, नाहीतर मागून अंगावर येईल!" सासरे ओरडले.

जावईबापूंनी हळूहळू गाडी कडेला घेतली. ट्रेलर मागून टेकला, ठण्ण झालं, आणि सगळं थांबलं. दांडा गोळ्यावरून उडून साखळ्यांवर लोंबकळत होता. त्या दोन साखळ्यांनी अब्रू राखली होती. बायकोने ताडपत्री वर केली, खुर्चीवरून हात फिरवला आणि ती फुटपाथवर मटकन बसली. "शाबूत आहे," एवढंच कसंबसं म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या. "अगं, ओट्यावर हा लोखंडी खिळा कुणी टाकलाय? जरा म्हणून शिस्त नाही तुम्हाला!"

सासऱ्यांनी मुकाट्याने गाडीतल्या आपल्या अवजारांच्या पेटीतून एक जाड बोल्ट आणि नट काढून दिला. जावईबापू गुडघ्यांवर बसले. दांडा बसवला, खटका दाबला, बोल्ट सारला, नट आवळला, ओढून पाहिलं. उठतात न उठतात तोच सासऱ्यांचा हात बोल्टकडे गेला.

"हात लावायचा नाही!"

आवाज इतका मोठा निघाला की जावईबापू स्वतःच दचकले. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासऱ्यांसमोर त्यांनी कधी "ब्र" काढला नव्हता.

सासऱ्यांनी हात मागे घेतला. "बरं," म्हणाले आणि गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसले.

दवाखान्यात हमालांच्या मदतीने खुर्ची उतरवली, बसवली, वायर जोडली. आता ती नीट चालते का, हे कुणीतरी बसून बघायला हवं होतं.

"मी बसतो," सासरे तोऱ्यात म्हणाले. "चाळीस वर्षं ट्रकखाली झोपलोय मी!"

ते बसले. लेकीने पायाने कळ दाबली. खुर्ची आडवी झाली, डोक्यावर दिवा लागला.

"बाबा, आता बसलाच आहात तर आ करा. किती महिने एकाच बाजूने जेवताय, मला काय दिसत नाही?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चाचपडत जावईबापूंचं मनगट गाठलं आणि घट्ट धरलं.

"जावईबापू, तुम्ही इथंच थांबा हं."

"थांबतो ना, बाबा."

"आणि हात सोडू नका."

"बाबा," लेक म्हणाली, "मी अजून हातमोजेसुद्धा घातले नाहीयेत."