छायाधिपती हैबतराव यांनी देवाचा कौल मानून कथा फिरविली, त्याची हकीगत

श्रीग्रामदेवता वंदून, डोळां देखिले तेच लिहितो. पदरचे घातले असेल तर जीभ झडो. शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरी नाम संवत्सरे, फाल्गुन मासी छायाधिपती हैबतराव सरकार चित्रपट करावयाचे मनसुब्याने आमचे समुद्रकाठचे दौलतीत उतरले. बरोबर एकाक्ष यंत्र, नटनटी आणि चहाबाज फौज अपरंपार. मग देवळापुढे डेरे पडले आणि सरकारांनी कथा सांगितली की, मनोहर नामे खलाशी समुद्रावर जातो, बाप कौल लावितो, देव डावा देतो आणि मनोहर बुडतो. ऐकोन बायांनी पदर डोळ्यांस लाविले आणि सरकार संतोष पावले.

मग खरा कौल लावावयास देवळाचे रवळू गुरव यांस पाचारिले. देवाचे अंगी दोहीं बाजूंस ओल्या कळ्या चिकटवाव्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, ऐसी रीत. गुरव म्हणाले, "देवाक खोटा नाव सांगूचा कसा? ह्यो मनोहर कोणाचो?" सरकारांनी नाना परी समजाविले, आणि गुरव ऐकेनात, आणि फौज खोळंबली. गुरवांचा एकुलता पुत्र बाबल दहा वर्षांमागे बोटीवर गेला, त्याची वार्ता नव्हती. साऱ्या मुलखाचे कौल लावणाऱ्या त्या माणसाने पुत्राचा कौल कधी लाविला नव्हता. डावा पडला तर घरी बाबलाचे आईस, चंद्रभागाबाईंस, काय सांगावे, हे भय. परंतु खोटे नाव घेववेना, तेव्हा यंत्रापुढे गुरवांनी पुत्राचे खरे नावच घेतले.

"बा देवा म्हाराजा, धा वर्सां झाली, माजो झील बाबल बोटीर गेलो तो येवक नाय. येवचो आसलो तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. गर्दीत चंद्रभागाबाई होत्या, त्या वाट काढून देवापुढे आल्या. कळी पडेना, आणि फीत सरत आली, आणि मग उजवी पडली. मदतनीस हळूच म्हणाला, "साहेब, आपल्याला डावा हवा होता. परत घेऊ या?" सरकार कडाडले, "देवाला परत घ्यायला सांगतोस? मनोहर घरी येईल. तसं लिहा!"

पुढे दरसाल जत्रेस देवळापुढे पांढरे वस्त्र टांगून तो चित्रपट दाखवीत. मनोहर अंगणात पाऊल टाकी, तेव्हा सारा गाव "व्हय म्हाराजा" म्हणे आणि चंद्रभागाबाई उठून भाताचे आधण ठेवावयास घरी जात. बाबल आला नाही. कोणी विचारिले तर म्हणत, "देव चुकाचो नाय. वाट लांब आसा." काय ते दिवस आणि काय ती माणसे! गुरव गेले, सरकार गेले, फितीवर ओरखडे पडून मनोहराचे मुख ओळखू येईना. त्या साली मात्र बाई शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "आता माजो बाबल दिसता."

सारांश, कथा सरकारांची, कौल देवाचा, आणि पुत्र ज्याचा त्यास पोचला.