धुक्यात रोवलेला दगड

टेम्पोत दगड चढला तेव्हा लेक टक्क जागी होती, आणि पुढचं सगळं बिनसायला तेवढंच पुरलं.

सासूबाई तापानं आडव्या, म्हणून पर्यटन कार्यालयातल्या हंगामी कारकूनबाई सात महिन्यांच्या लेकीला खांद्यावर टाकूनच कामावर निघाल्या होत्या. काम एकच. टेकडीच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेला, माहितीचा दगड रोवायचा. 'याच टेकडीवरून मूठभर पहारेकऱ्यांनी चाळीस दिवस शत्रूची वाट रोखून धरली.' उद्या अनावरण. ते नीट पार पडलं, की बाईंना कायम करण्याच्या कागदावर साहेब सही करणार होते.

घाटात धुकं असं उतरलं होतं, की टेम्पोला स्वतःचं नाक दिसेना. टेम्पो चालला की लेक डोळे मिटायची, थांबला की टाहो फोडायची.

"मामा, थांबू नका हं. आत्ताच डोळा लागलाय."

"अहो ताई, टेकडी आली की!" टेम्पो हाकणारे गवंडीमामा म्हणाले.

"एक फेरी मारा ना अजून."

एकीच्या पाच झाल्या. चढ आला, उतार गेला, पुन्हा चढ. झाडं पिंजलेल्या कापसासारखी तरंगत जवळ यायची आणि काही न बोलता मागे जायची. बाईंचेही डोळे जडावले. शेवटी एका माथ्यावर लेकीनं उसासा टाकला आणि आईच्या पदराची मूठ सैल केली.

"इथंच," बाई कुजबुजल्या. "आवाज न करता रोवा."

मामांनी उभ्या हयातीत इतकी हळुवार पहार चालवली नव्हती. अंगाई म्हणावी तसा त्यांनी खड्डा खणला.

लेक उठू नये म्हणून रात्र टेम्पोतच काढली. सकाळी धुकं विरलं, आणि दरीपलीकडे खरी टेकडी ऐटीत उभी!

"मामा, आपण कुठं आहोत?"

"अलीकडच्या टेकडीवर," मामा डोकं खाजवत म्हणाले.

"मग उपटा ना लवकर!"

"सिमेंट धरलंय ताई. आता सुरुंगच लावावा लागेल."

तेवढ्यात साहेबांची गाडी आलीच. सोबत पाहुणे, निवृत्त सुभेदार, छातीवर पदक. साहेब फोटोवाल्याला जागा दाखवायला गेले. सुभेदारांनी दगडावरच्या पडद्याची कड उचलून मजकूर वाचला, समोर पाहिलं, पुन्हा वाचला.

"पोरी, वाट त्या टेकडीवरून दिसते. इथून नुसती दरी."

"चूक माझीच, काका. साहेबांना सांगते मी. लेक झोपत नव्हती, म्हणून..."

"थांब. हे पदक कशाचं, ठाऊक आहे? टेकडी राखल्याचं. धुक्यात चढलो, उजाडल्यावर कळलं, राखायची होती ती शेजारची."

"अगंबाई! मग?"

"मग काय! धुकं शत्रूलाही होतंच. तोही चुकून आमच्याच टेकडीवर आला."

एवढं बोलून, साहेब परतताच, सुभेदारांनी पडदा ओढला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "या टेकडीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज तिला मान मिळाला!"

साहेब गहिवरले. गाडीच्या बॉनेटवरच कागद ठेवून त्यांनी सही ठोकली.

"काम चोख, बाई. पण ती समोरची टेकडी बघा, उगाच ओकीबोकी दिसते. तिथंही काहीतरी घडलं असेलच. शोधा, आणि लावा एक दगड."

"लावते, साहेब," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "मजकूर तसा तयारच आहे."