हैबती भेकराची बदली

बसा, मुलांनो. हाताची घडी घातली नाही तरी चालेल. तोंडावर बोट तर अजिबात ठेवू नका, मलाच गुदमरायला होतं. फक्त मध्येच विचारायचं नाही. मध्येच विचारलं की माझं डोकं फिरतं.

एका जंगलात लोकशाही होती. मग नव्हती. मग पुन्हा आली. आपली गोष्ट पुन्हा आली त्यानंतरची आहे, पण मधलं 'नव्हती' थोडं सांगायला हवं. नाहीतर तुम्हांला काही कळायचं नाही.

तर त्या मधल्या काळात जंगलावर लांडग्यांच्या लष्कराचं राज्य होतं. सेनापतीचं आडनाव दातकोरे. हसू नका. त्या काळी कुणी हसलं नव्हतं. नऊ वर्षं हे राज्य चाललं. रोज सकाळी सगळ्या जनावरांनी माळावर कवायतीला जमायचं. झऱ्यावर रांगेत उभं राहून पाणी प्यायचं. रानकोंबडा अगदी वेळेवर आरवायचा. न आरवून सांगतो कुणाला!

एके दिवशी कवायतीत हुकूम सुटला, "डावा पाय पुढे!"

रांगेत हैबती नावाचं एक भेकर होतं. भेकर म्हणजे छोट्या चणीचं हरीण. जातच बुजरी. पण हा हैबती जरा बोलका निघाला. तो म्हणाला, "साहेब, डावे दोन आहेत. त्यातला कुठला?"

सगळा माळ खो-खो हसला. सेनापतीही हसले. त्यांचे सगळे दात दिसले.

दुसऱ्या दिवशी हैबती कवायतीला नव्हता. त्याची बायको चिंगाक्का चौकीवर गेली.

"आमचं मालक कुठं हाईत?" तिनं विचारलं.

"त्याची बदली झाली," चौकीवरचा लांडगा म्हणाला.

"कुठं?"

"पलीकडं."

त्या नऊ वर्षांत एकशे बारा जनावरांची अशी बदली झाली. पलीकडं म्हणजे नेमकं कुठं, हे फार कुणी विचारलं नाही. दोघातिघांनी विचारलं, त्यांचीही बदली झाली. मग जंगलाला सवयच लागली. कुणी दिसेनासं झालं की शेजारी हळूच म्हणायचे, "बदली झाली वाटतं." आणि आपापल्या बिळात जायचे.

पुढं लोकशाही आली. कशी आली म्हणता? पुस्तकात लिहिलंय, जनतेच्या झुंजार लढ्यानं आली. खरं सांगू का? सेनापतींच्या दाढा हलायला लागल्या. बाकीचं लष्कर नोकरीसाठी शेजारच्या जंगलात गेलं. सेनापती तेवढे इथंच राहिले, टेकडीवरच्या गुहेत. रोज सकाळी फिरायला निघायचे. वाटेत भेटेल त्याला विचारायचे, "काय, ठीक ना?" सगळे म्हणायचे, "ठीक, साहेब." आणि दोन पावलं मागं सरायचे.

अशी पंचवीस वर्षं गेली. जंगलानं ठरवलं, रौप्यमहोत्सव करायचा. आता राजवट गेल्याचा आनंद करायचा की राजवट होती याची आठवण काढायची, यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत ठरलं, निमंत्रणावर नुसतं 'रौप्यमहोत्सव' छापू. कशाचा ते ज्यानंत्यानं समजून घ्यावं.

त्यानिमित्तानं त्या काळाचा रीतसर अभ्यास करायची एक समिती नेमली. पुस्तक काढायचं, परिसंवाद घ्यायचा, झालंच तर अल्पोपाहार. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक ढोकरे. हे जातीनं बगळे. एका पायावर उभं राहून तासन्‌तास विचार करायचे, त्यामुळं त्यांचा फार दबदबा होता.

ढोकरे सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "मंडळी, इतिहासात भावना नको. बदली झालेल्यांच्या घरचं कुणी समितीत घेऊ नका. ती मंडळी बोलता बोलता रडतात. कागद भिजतात."

"मग माहिती कोण देणार?" एका मुंगसानं विचारलं.

"सेनापती दातकोरे," सर म्हणाले. "सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि काय शांतपणे सांगतात! एकदासुद्धा डोळ्यांत पाणी नाही. इतका तटस्थ माणूस शोधून सापडायचा नाही."

माणूस नव्हे, लांडगा. पण सर बोलण्याच्या भरात होते. ठराव एकमतानं मंजूर झाला.

ही बातमी चिंगाक्काच्या कानावर गेली. ती आता म्हातारी झाली होती. मागचा एक पाय ओढत चालायची. ती तळ्याकाठी सरांना भेटायला आली.

"सर, माझं काय लई मागणं न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकात एक ओळ घाला. हैबती भेकराला लांडग्यांनी मारलं. बस. बाकीचं पुस्तक तुमचं तुम्ही लिवा."

सर पायावर पाय बदलत म्हणाले, "अक्का, 'मारलं' हा शब्द जरा भडक वाटतो."

"मग मारलं त्याला काय म्हणत्यात तुमच्यात?"

"नोंदीत 'बदली' आहे. नोंद म्हणजे पुरावा. आपण पुराव्याबाहेर कसं जायचं?"

चिंगाक्का म्हणाली, "सर, तुमचा थोरला भाऊ पण त्यातच गेला की. तळ्यावरनं उचलला त्याला. मी होते तितं."

सरांनी मान पाण्याकडं वळवली. "दादाची बदली झाली," ते म्हणाले. बराच वेळ ते पाण्यात बघत होते, पण मासा काही पकडला नाही.

मग म्हणाले, "तुम्ही असं करा. नोंदणी कचेरीतून दाखला आणा. दाखला मिळाला तर ओळ घालतो. शब्द देतो."

चिंगाक्का पाय ओढत कचेरीत गेली. तिथं एक घोरपड कारकून होती. लोकशाही होती तेव्हाही ती त्याच खुर्चीवर होती, नव्हती तेव्हाही होती, आणि आताही होतीच. घोरपडीला खुर्चीवरून कोण हलवणार!

घोरपडीनं मोठं बाड काढलं आणि त्यावरची धूळ चिंगाक्काच्या अंगावर झटकली. "हैबती भेकर. हां. सापडला. बदली, पलीकडं." तिनं दुसरं बाड काढलं, बोट फिरवलं आणि जीभ चावली. "अरेच्चा! हा तर रुजूच झालेला नाही."

"म्हंजे?"

"बदली झाली की नव्या जागी रुजू व्हायचं असतं. तुमचे मालक रुजू झाल्याची नोंद नाही. म्हणजे इतकी वर्षं विनापरवानगी गैरहजर. बाई, हे फार गंभीर आहे हो!"

"अगं बये, तो मेला! मेलेला कसा हजर हुईल?"

"मेल्याची नोंद नाही. मेले असते तर मेल्याचं कळवायला नको होतं का त्यांनी?"

आणि तिनं तिथल्या तिथं कारणे दाखवा नोटीस लिहिली. हैबती भेकर यांनी आपण आजवर कामावर का हजर राहिलो नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा कडक कारवाई होईल. नोटीस चिंगाक्काच्या हातात दिली आणि वर म्हणाली, "घरचा पत्ता तोच ना?"

रडावं की हसावं तेच चिंगाक्काला समजेना. मला तर हे सांगतानासुद्धा संताप येतो. पण सांगणाऱ्यानं संतापून कसं चालेल? सरांना कळलं तर मला भावनाप्रधान म्हणतील.

ती नोटीस घेऊन चिंगाक्का थेट समितीच्या बैठकीत शिरली. कागद सरांपुढं टाकला आणि म्हणाली, "द्या आता तुम्हीच खुलासा. न्हाईतर माझी ओळ लिवा. मी इथनं हलत न्हाई."

आणि खरोखर बसली. एक दिवस, दोन दिवस. पाणी नाही, चारा नाही. समितीला तिच्यासमोर अल्पोपाहार घेता येईना. तिसऱ्या दिवशी मात्र समिती वाटाघाटीला तयार झाली.

"'मारलं'ऐवजी 'वारले' करू," मुंगूस म्हणालं.

"वारले कशानं, हा प्रश्न येतो," सर म्हणाले.

"'मारलं असं काहींचं म्हणणं आहे'?"

"काहींचं म्हटलं की बाकीच्यांचं काय, हा प्रश्न येतो. आणि सेनापतीसाहेबांना वाईट वाटेल ते वेगळंच."

शेवटी सरांनी एका पायावर उभं राहून विचार केला आणि चिंगाक्काला म्हणाले, "अक्का, ओळ घालतो. हैबतींच्याच बाबतीतली. परिसंवादात सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. शिवाय तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. आता उठा, आम्हांला भूक लागलीय."

चिंगाक्काला सत्काराचं काही नव्हतं. पण ओळ येणार म्हणून ती उठली.

परिसंवादाचा दिवस उजाडला. माळावर मोठा मांडव घातला होता. गर्दी कमी पडू नये म्हणून शाळेतली सगळी पिल्लं सक्तीनं आणून पुढं बसवली होती. मागं त्यांचे आईबाप. व्यासपीठावर सर, मुंगूस, घोरपड आणि मधल्या खुर्चीत प्रमुख पाहुणे सेनापती दातकोरे. खाली मान घालून ते सत्काराचा नारळ न्याहाळत बसले होते. अगदी गरीब आजोबा दिसत होते.

भाषणं झाली. 'शिस्तकाळातील बदल्यांचा भूगोल' असा एक निबंध वाचला गेला. कुणाला काही समजलं नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सर उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आता या पुस्तकातली सर्वांत धाडसी ओळ मी वाचतो. ही ओळ लिहायला समितीला सव्वा महिना लागला."

चिंगाक्कानं कान टवकारले.

सरांनी वाचलं, "'हैबती भेकर यांच्यासह काहींच्या बदल्या कायमस्वरूपी होत्या.'"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मुंगसानं तर "वा!" म्हणून दाद दिली. चिंगाक्का तिथंच उभी. तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. तिनं शेजारच्या सशिणीला विचारलं, "मारलं म्हणाले का गं?" सशिणीनं नुसतीच मान खाली घातली.

तेवढ्यात घोरपडीनं पुकारा केला, "आता श्रीमती चिंगाक्का यांचा, त्यांनी दाखवलेल्या सहनशीलतेबद्दल, सेनापतीसाहेबांच्या शुभहस्ते सत्कार!"

दोघातिघांनी चिंगाक्काला ढकलतच वर नेलं. सेनापती उठले. दोन्ही पंज्यांत शाल उघडून धरली आणि तिच्या मानेशी आले. "काय, ठीक ना?" असं म्हणत ते हसले. दोनच दात उरले होते, पण होते.

भेकर घाबरलं की भुंकतं. होय, हरीण असून भुंकतं, कुत्र्यासारखं. वाघ दिसला, लांडगा दिसला की एक भेकर भुंकतं आणि सगळं रान सावध होतं. लष्कर आलं तसं भुंकायला बंदी झाली होती. पुढं बंदी उठली, पण भुंकायचं कुणाला सुचलं नव्हतं. चौतीस वर्षं त्या जंगलात एकही भेकर भुंकलं नव्हतं.

त्या दिवशी चिंगाक्का भुंकली.

तिनं ठरवून केलं असं म्हणू नका. तिच्या आतूनच ते आलं. एकदा भुंकली, दोनदा भुंकली, आणि तिसऱ्यांदा भुंकायला समोर कुणी उरलंच नाही. सगळा मांडव एका क्षणात रिकामा! ससे बिळांत घुसले, माकडं झाडांवर चढली, रानडुकरं खुर्च्यांसकट पळाली. घोरपडीनं पंचवीस अधिक नऊ वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची सोडली. आणि सगळ्यांत आधी उडाले ते प्राध्यापक ढोकरे. धाडसी ओळ तिथंच पडली.

सेनापतींचं तर वेगळंच झालं. सगळे पळताना दिसले आणि त्यांचे पायही आपोआप सुटले. पाठलाग करत चार ढांगा गेलेसुद्धा. मग दम लागला. शाल पायांत अडकली. तिथंच बसून ते इकडंतिकडं बघू लागले.

पिल्लं तेवढी जागची हलली नाहीत. त्यांनी कधी भुंकणं ऐकलंच नव्हतं. ती टकामका बघत बसून राहिली. मग हळूहळू घरी गेली.

आणि घरी जाऊन विचारायला लागली.

"आई, ते आजोबा शाल देत होते. मग तू पळालीस का?"

"अशीच."

"सगळेच कसे काय असेच पळाले?"

"जेव आता."

"बाबा, बदली झालेल्याची आठवण काढली तर पळायचं असतं का? हैबती कुठं गेला?"

आता आली का पंचाईत! पुस्तकात बघ म्हणावं, तर पुस्तकात काय लिहिलंय ते पिल्लांनी आत्ताच ऐकलं होतं. रानडुकरानं डोळे वटारून पाहिले, पण पिल्लू काही ऐकेना. शेवटी सशिणीला रडू फुटलं. ती म्हणाली, "हैबतीला मारलं रे बाळा. लांडग्यांनी मारलं. मी बघितलं होतं. माझ्या भावालाही मारलं." चिंगाक्काची ओळ त्या संध्याकाळी घरोघरी म्हटली गेली. तळ्याकाठी सरांच्या नातीनं सरांना तेच विचारलं. सर दोन्ही पाय टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "दादा फार छान मासे पकडायचा गं." मग सगळं सांगितलं.

पुस्तकात मात्र काही बदल झाला नाही. परिसंवादाच्या अहवालात समितीनं लिहिलं, 'सत्कारानंतर श्रोते काही काळ बाहेर गेले होते.'

तात्पर्य : इतिहासाच्या कार्यक्रमाला मुलांना कधीही नेऊ नये. ती पळत नाहीत, आणि मग घरी येऊन विचारत बसतात.